रोमँटिक चित्र कसं पाहावं: चेहरे सोडा, पाठी बघा

"सर, रोमँटिक म्हणताय, पण यात जोडपं कुठंय?"

रविवारच्या कलास्वाद वर्गात पहिलं चित्र पडद्यावर आलं की हा प्रश्न ठरलेला. समोर असतो एक मोडका तराफा आणि त्यावर मेलेली, मरायला टेकलेली माणसं. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आपल्याकडे रोमँटिक म्हणजे पावसातलं गाणं. युरोपात मात्र हा शब्द 'रोमान्स' या मध्ययुगीन अद्भुत कथांवरून आला आणि साधारण 1780 ते 1850 या काळातल्या चित्रकार, कवी, संगीतकारांना चिकटला. मराठी समीक्षेत त्याला स्वच्छंदतावाद म्हणतात. केशवसुतांनी इंग्रजीतले असे कवी वाचले होते, त्यामुळे कवितेतली ही हवा आपल्याला ओळखीची आहे. चित्रांतली तेवढी नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळते. 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती, मग 1815 पर्यंत नेपोलियनची युद्धं, इंग्लंडात कारखान्यांचा धूर. बुद्धीने सगळं सुटेल हा अठराव्या शतकाचा भरवसा डळमळला आणि चित्रकार भीती, एकटेपणा, संताप, विस्मय यांच्याकडे वळले.

आता कामाचं. ही चित्रं पाहताना मी स्वतः बरीच वर्षं एक चूक केली. भावना म्हटलं की मी चेहरे बघायचो. आपली सवयच ती. नाटक, सिनेमाचं पोस्टर, कॅलेंडरवरचा देव, सगळीकडे भाव म्हणजे मुद्रा. या मंडळींनी मात्र चेहरे बहुतेक वेळा फिरवून ठेवलेत. भावना आहे ती माणूस कुठे उभा आहे, क्षितिज किती उंच आहे, उजेड कुणावर पडलाय, वारा कुठून वाहतोय यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी तयारी: चित्राचा आकार अंगावर घ्या

मोबाइलवर बघू नका. निदान लॅपटॉप घ्या, जमलं तर टीव्हीला जोडा. संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराची छायाचित्रं मिळतात, तीच वापरा. जुन्या पुस्तकांतल्या छपाईवर रंगांबाबत विश्वास ठेवू नका. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं 'जनतेचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता' (1830) हे चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने स्वच्छ करून 2024 मध्ये पुन्हा लावलं. पिवळ्या पडलेल्या वॉर्निशचे थर निघाले तेव्हा कळलं, की जो झगा आपण सगळे पिवळा समजत होतो तो मुळात फिकट राखाडी आहे आणि त्यावर पिवळ्याचे फटकारे आहेत. त्या 'सोनेरी' झग्यावर मीही वर्गात पाच मिनिटं बोलत असे. तेव्हा 2024 नंतरचं छायाचित्र शोधा.

मग टेप घ्या. फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिकोचा 'मेड्युसाचा तराफा' 491 सेंटिमीटर उंच आणि 716 रुंद आहे. म्हणजे 16 फूट बाय साडेतेवीस फूट. हा आकडा वाचून काही होत नाही. एका रविवारी आम्ही आमच्या गच्चीवर खडूने हा चौकोन आखला. वॉचमन वर आला आणि म्हणाला, "साहेब, बॅडमिंटनचं कोर्ट का?" त्याचा अंदाज अगदी बरोबर होता. सिंगल्सच्या कोर्टाची नेटच्या एका बाजूची जागा जवळपास तेवढीच भरते. तो चौकोन मनातल्या मनात उभा करा. त्यात तळाशी पडलेली प्रेतं तुमच्या-माझ्यापेक्षा मोठी आहेत आणि ती तुमच्या गुडघ्यांसमोर आहेत. आता पडद्याकडे बघा.

उलट, जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं 'समुद्राकाठचा भिक्षू' 110 बाय 171.5 सेंटिमीटर, म्हणजे घरातल्या दिवाणाएवढं. भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून तेवढी जागा आखता येते. गप्प बसवायला चित्र अवाढव्यच लागतं असं नाही, हे तिथे कळतं.

पहिली पायरी: नाव वाचू नका

तीन मिनिटं. घड्याळ लावा. चित्राचं नाव, साल, कथा काहीही वाचायचं नाही. फक्त एक कागद घ्या आणि डोळा कुठून शिरला, कुठे अडला, कुठून बाहेर पडला याची रेघ काढा. रेघ वेडीवाकडी आली तरी चालेल. वर्गातल्या वीस जणांच्या रेघा एकावर एक ठेवल्या की चित्रकाराने ओढलेली वाट दिसते. तराफ्याच्या बाबतीत ती डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडे वर चढते, जवळजवळ दर वेळी.

दुसरी पायरी: तुम्ही कुठे उभे आहात आणि क्षितिज कुठे आहे

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण ही एक पायरी नीट जमली तर निम्मं काम झालं.

फ्रीडरिशची दोन चित्रं शेजारी लावा. एक वर म्हटलेला भिक्षू (1808 ते 1810, सध्या बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय कलादालनात) आणि दुसरं 'धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या' (1818 च्या सुमाराचं, हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत). चित्रकार एकच, दोन्हींत एकटा माणूस, दोन्हींत तो पाठमोरा, समोर अफाट निसर्ग. तरी एक बघताना छाती फुगते आणि दुसरं बघताना पोटात खड्डा पडतो. का?

पट्टी घ्या आणि क्षितिजाच्या रेषेवर ठेवा. भटक्याचं डोकं मागच्या डोंगरांच्या, धुक्याच्या वर निघालंय. दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांच्या रेषा त्याच्या छातीपाशी येऊन मिळतात, जणू अख्खा देखावा त्याच्यातून फुटलाय. चित्र उभं आहे, तोही उभा आहे, पायाखाली काळा कडा. भिक्षूचं काय? तो मधोमधही नाही, जरा डावीकडे सरकलाय. त्याचं डोकं क्षितिजाच्या वर येतच नाही. समुद्राच्या काळसर पट्ट्यातच तो बुडालाय. वर चित्राचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग नुसतं आभाळ. बाजूला झाड नाही, खडक नाही, डोळ्याला टेकायला काही नाही.

आता अंगठ्याने भिक्षू झाका. उरतात तीन आडवे पट्टे: वाळू, पाणी, आभाळ. चित्र एकदम सपाट होतं, कापडावरच्या पट्ट्यांसारखं. अंगठा काढा. बोटभर माणूस परत आला की आभाळ मैलोगणती लांब जातं. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी "अरे!" म्हणतंच.

गंमत म्हणजे फ्रीडरिशने सुरुवातीला या समुद्रात जहाजं काढली होती. अवरक्त किरणांच्या तपासणीत ती खाली दिसली. त्याने ती रंगवून पुसून टाकली. डोळ्याला मिळणारा एकेक आधार त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतला. 1810 मध्ये बर्लिनला चित्र लागलं तेव्हा हाइनरिश फॉन क्लाइस्ट या लेखकाने लिहिलं, की हे बघताना पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं. मिटायला पापणीच नाही, हे त्या चित्राचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं वर्णन.

भटक्याची पोझ तर आपण सगळ्यांनी मारलेली आहे. कोकणकड्यावर पावसाळ्यात गेलेल्या कुठल्याही ग्रुपच्या फोटोंत एक तरी पाठमोरा, कमरेवर हात, समोर धुकं असतंच. पुढच्या वेळी फोटो काढताना एक प्रयोग करा. एकदा कॅमेरा खाली धरून डोकं क्षितिजाच्या वर येऊ द्या, एकदा मागे जाऊन, उंचावरून, डोकं क्षितिजाखाली राहील असा काढा. माणूस तोच, कडा तोच. दोन फोटोंची दोन मनं होतील. जागा घसरडी असते, मागे जाताना पायाखाली बघा.

तिसरी पायरी: पाठी मोजा

आता तराफ्याकडे या. पेन्सिल घेऊन दोन रकाने करा: आपल्याकडे पाठ असलेले आणि आपल्याकडे तोंड असलेले.

उजवीकडे वरच्या टोकाला पिंपावर चढून कापड हलवणारा माणूस पाठमोरा. त्याच्या खालचे, हात पुढे टाकणारेही बहुतेक क्षितिजाकडे वळलेले. सगळी आशा आपल्याकडे पाठ करून उभी आहे. डावीकडे खाली एक म्हातारा बसलाय, मांडीवर तरुण पोराचं प्रेत, गालाला हात. लांबवर दिसणाऱ्या जहाजाकडे त्याची पाठ आहे आणि तोंड आपल्या बाजूला. म्हणजे चित्रातला जो ठळक चेहरा आपल्या वाट्याला येतो तो आशा सोडलेल्याचा. जेरिकोने ही वाटणी जाणून केली याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पाठमोऱ्या माणसाचं काम काय? चेहरा दिसला की आपण त्या माणसाकडे बघतो. पाठ दिसली की तो जिकडे बघतोय तिकडे बघतो. त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. विठोबाच्या रांगेत आपल्याला पुढच्याची पाठच दिसत असते, पण मन पुढे गाभाऱ्यात पोचलेलं असतं, तसंच काहीसं.

तराफ्यावरच्या पाठींमागून बघत गेलात तर क्षितिजावर एक ठिपका सापडेल. नसेल सापडला तर छायाचित्र मोठं करा. तेच त्यांची सुटका करणारं 'आर्ग्युस' जहाज. अर्धं बॅडमिंटन कोर्ट आणि सुटकेच्या वाट्याला एक ठिपका.

अजून एक तपासा: शीड. ते डावीकडे फुगलंय. म्हणजे माणसं उजवीकडे झेपावतायत आणि वारा तराफ्याला उलटीकडे नेतोय. डावीकडे लाटेचा डोंगर उठलाय. माणसांचा कर्ण एकीकडे, निसर्गाचा जोर दुसरीकडे. एवढं कळायला एकाही चेहऱ्याची गरज पडली नाही.

चौथी पायरी: उजेड कुणाच्या बाजूचा

थोडक्यात. चित्र कृष्णधवल करा, फोनमध्ये एका बोटाचं काम आहे, आणि सर्वांत उजळ जागा शोधा. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या '3 मे 1808' या चित्रात (रंगवलं 1814 मध्ये, माद्रिदच्या प्रादोत आहे) उजळ जागा आहे हात पसरलेल्या माणसाचा पांढरा सदरा. उजेड येतो जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी कंदिलातून. तो कंदील कुणाचा? गोळ्या घालणाऱ्या फ्रेंच सैनिकांचा. नेम धरायला आणलेला दिवा मरणाऱ्याला उजळवतोय. सैनिकांचे चेहरे दिसत नाहीत, नुसती टोप्या, पाठी आणि नळ्यांची रांग. या चित्रात चेहरा आहे, आणि तो मरणाऱ्यालाच दिलाय. चेहरे सोडा म्हणालो खरा, पण कुणाला चेहरा मिळाला हेही बघत चला.

पाचवी पायरी: आभाळ वाचा

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने 1821 आणि 1822 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाचे ढिगाने अभ्यास केले. अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. आभाळ हे निसर्गचित्रातलं भावनेचं मुख्य अंग आहे, असं त्याचं म्हणणं होतं. हा माणूस वेधशाळेतल्या कारकुनाइतका काटेकोर होता. रोमँटिक म्हणजे मनाला येईल तसे रंग फासणे, हा समज त्याच्या मागच्या नोंदी वाचल्या की उतरतो.

तुमच्यासाठी गृहपाठ: ज्येष्ठ-आषाढात आठवडाभर, रोज ठरावीक वेळी, खिडकीतून पोस्टकार्डाएवढं आभाळ रंगवा. जलरंग, पेस्टल, काहीही. मागे वेळ आणि वारा लिहा. आठवड्याने सात कार्डं ओळीने मांडा. कुठल्या दिवशी मन कसं होतं ते वेगळं लिहायची गरज उरत नाही.

सहावी पायरी: खालचे कोपरे

इंग्रज चित्रकार टर्नरचं एक चित्र बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे, 1840 चं. नाव अजून सांगत नाही. सूर्यास्त पेटलाय. लाल, केशरी, मधोमध सूर्याचा पांढराशुभ्र पट्टा, डावीकडे दूर एक जहाज. वर्गात हे लावलं की "वा!" येते. मग मी म्हणतो, उजवीकडे खालचा कोपरा बघा.

पाण्यातून एक पाय वर आलाय, घोट्याला बेडी. भोवती मासे तुटून पडलेत. जरा इकडेतिकडे बघितलं तर लाटांवर साखळ्या आणि हात.

नाव आता: 'गुलामवाहू जहाज', आणि पूर्ण नावात मेलेल्या-मरत्या गुलामांना समुद्रात फेकलं जातंय, वादळ येतंय, असं स्पष्ट म्हटलंय. या चित्रामागे 'झाँग' जहाजाची 1781 ची हकीगत होती असं मानतात. तिथे 130 हून जास्त गुलामांना जिवंत समुद्रात टाकलं आणि मग 'माल गेला' म्हणून विम्याचा दावा लावला.

"वा!" म्हणून चुकलेले आपण आणि तो पाय. टर्नरने आधी आपल्याला सौंदर्याने पकडलं आणि मग कोपऱ्यात नेऊन उभं केलं. म्हणून सांगतो, नाव शेवटी वाचा. आधी वाचलं असतं तर आपण सुरुवातीपासूनच सावध, गंभीर तोंड करून बसलो असतो, आणि हा झटका बसलाच नसता.

सातवी पायरी: आता कथा वाचा, आणि खोटं कुठे बोललाय ते शोधा

'मेड्युसा' ही फ्रेंच नौदलाची फ्रिगेट, म्हणजे एक प्रकारची युद्धनौका. 2 जुलै 1816 ला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी, आजच्या मॉरिटानियाजवळ, वाळूच्या बांधावर रुतली. कप्तान वशिल्याचा, वीस-एक वर्षं त्याने जहाज चालवलं नव्हतं, पण राजनिष्ठ होता. होड्या पुरेना म्हणून फळ्या-डोलकाठ्यांचा तराफा बांधला आणि त्यावर सुमारे 147 जणांना चढवलं. होड्यांनी तो ओढायचा होता; थोड्याच वेळात दोर सोडून दिले. 13 दिवसांनी 'आर्ग्युस'ला तो योगायोगाने सापडला तेव्हा 15 जण जिवंत होते. जहाज आधी दिसलं, मग दिसेनासं झालं, आणि दोनेक तासांनी परत आलं. जेरिकोने निवडला तो पहिला क्षण, जेव्हा ते येणार की जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याने बचावलेल्यांना गाठलं, सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, रुग्णालयात जाऊन मरणाऱ्यांची चित्रं काढली, बाहेर जायचा मोह नको म्हणून डोकं भादरून घेतलं. तरुण देलाक्रवाने त्याच्यासाठी पालथ्या पडलेल्या एका देहाची पोझ दिली. एवढा अभ्यास करून चित्रातली माणसं बघा: 13 दिवस उपाशी असलेली, तरी पिळदार दंड, भरलेल्या मांड्या. हे अज्ञान नव्हे. हाडांचे सापळे रंगवले असते तर आपण हळहळलो असतो आणि पुढे गेलो असतो. पिळदार शरीरं मरताना दिसली की वाया गेलेलं बळ दिसतं, आणि ते कुणी वाया घालवलं हा प्रश्न राजाच्या दारात जातो. 1819 च्या प्रदर्शनात चित्राचं नाव नुसतं 'जहाजफुटीचं दृश्य' असं ठेवलं होतं. पॅरिसमध्ये कुणालाही जहाजाचं नाव सांगावं लागलं नाही.

असंच 'भटक्या'तल्या दऱ्याखोऱ्यांचं. सॅक्सनीच्या डोंगरांत वेगवेगळ्या ठिकाणी केलेली रेखाटनं फ्रीडरिशने खोलीत बसून जोडली; ते ठिकाण जसंच्या तसं कुठेच नाही. टर्नरच्या 'झुंजार टेमेरेर'मध्ये मोडीत निघालेलं युद्धनौकेचं धूड शिडांच्या काठ्या ताठ उभारून जातं, प्रत्यक्षात 1838 मध्ये ओढून नेताना त्या काढलेल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी वहीत लिहा: खरं काय होतं, चित्रात काय केलं, आणि फरकाने काय वाटलं. तिसरा रकाना हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा.

आठवी पायरी: भावनेला नाव द्या, पण एका शब्दात उरकू नका

आपल्याकडे नवरस तयार असतात. तराफा म्हणजे करुण, गोया म्हणजे भयानक, असं चटकन लिहिता येतं, आणि सुरुवातीला लिहाही. मग अडेल. भिक्षूला कुठला रस लावणार? अद्भुत म्हणावं तर आनंद नाही, शांत म्हणावं तर अस्वस्थ वाटतं, भयानक म्हणावं तर घाबरवणारं काहीच नाही. एडमंड बर्क या विचारवंताने 1757 मध्येच सांगितलं होतं, की सुंदर वेगळं आणि भव्यभीषण वेगळं. भय सुरक्षित अंतरावर असलं की त्यातून एक प्रकारचा आनंद मिळतो. वीज कडाडताना खिडकीशी जाऊन उभं राहणाऱ्याला हे समजावून द्यावं लागत नाही. तेव्हा शब्दाऐवजी वाक्य लिहा. एका विद्यार्थिनीने भिक्षूपुढे लिहिलं होतं, "रात्री एसटी फाट्यावर सोडून गेली आणि दिवे दिसेनासे झाले." याच्यावर मला काही सांगायचं उरलं नव्हतं.

प्रत्यक्ष बघायला जाणाऱ्यांसाठी

लूव्हर मंगळवारी बंद असतं. बर्लिनचं आणि हॅम्बुर्गचं दालन सोमवारी. लंडनचं राष्ट्रीय कलादालन फुकट आहे आणि 'टेमेरेर' तिथेच आहे. लूव्हरमध्ये 'तराफा' आणि 'स्वातंत्र्यदेवता' दोन्ही देनों विभागाच्या 700 क्रमांकाच्या दालनात, मोनालिसाच्या गर्दीपासून चार पावलांवर. आधी लांबून, समोरच्या भिंतीला पाठ लावून बघा. मग पुढे जाऊन चित्राच्या खालच्या कडेशी, मधोमध उभे राहा. तराफ्याच्या फळ्या तिथे चौकटीपर्यंत आल्या आहेत. मागे कुणी पर्यटक उभा असेल तर त्याला आता तराफ्यावरच्या सगळ्यांच्या बरोबरीने तुमचीही पाठ दिसत असेल.